वाकडला उतरलेलं विमान

मला खोटं खपत नाही. लहानपणापासूनच. कुणी "वा, भाजी काय झालीय!" म्हणून ती ताटातच ठेवली, की मी तिथल्या तिथे विचारणार, "मग टाकली कशाला?" आई कपाळावर हात मारून घ्यायची. अशा मुलीला देवाने सासर दिलं ते चिंचवडच्या निराळ्यांचं, जिथे थाप मारणं हा धंद्याचाच एक भाग होता. आता बोला!

निराळी म्हणजे निळीत कापड रंगवणारे. माझं माहेरही त्यातलंच, पण वडील तरुणपणी पुण्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत हमाल म्हणून लागले आणि रंगाचा संबंध सुटला. दिवसभर काचेच्या बाटल्या धुता धुता त्यांच्या मनाने घेतलं, की या बाटल्यांत काय चालतं ते आपल्या मुलीला कळलं पाहिजे. म्हणून मी शिकत शिकत इंटर सायन्सपर्यंत गेले, आणि तिथे दाणकन आपटले. केमिस्ट्रीत. केमिस्ट्रीतही ऑरगॅनिकमध्ये. आणि त्यातही रिडक्शन नावाच्या एका गोष्टीने माझा जीव नकोसा करून टाकला होता.

व्याख्या मला तोंडपाठ होती. पदार्थाला हायड्रोजन मिळाला किंवा त्याच्याकडचा ऑक्सिजन गेला, की झालं रिडक्शन. झोपेतून उठवून विचारा, सांगितलं असतं. पण हा हायड्रोजन येतो कुठून? कोण देतं? आणि फुकट का देतं? प्रोफेसर फळ्यावर एका बाजूला एक सांगाडा काढायचे, दुसऱ्या बाजूला दुसरा, मध्ये बाण, आणि बाणाच्या डोक्यावर 'एच' बसवायचे. मी एकदा उभी राहून विचारलंसुद्धा, की सर, तो तिथे आला कसा? सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "लिहून घ्या, परीक्षेत येतं." आलं की परीक्षेत. मी लिहिलं डोंबल!

लग्न ठरताना वडिलांनी एकच अट घातली, मुलगी एप्रिलमध्ये पुन्हा परीक्षेला बसेल. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामंजींनी, सुपारी फोडताना मान डोलावली. आणि आमच्या ह्यांना तर अटीचं कौतुकच वाटलं. नाव घ्यायचं तर ज्योतीराम. घेतलं, झालं समाधान? हे पिंपरीला नव्या निघालेल्या पेनिसिलिनच्या कारखान्यात फिटर होते. तिथे पांढरे कोट घातलेल्या बायका यांनी पाहिल्या होत्या. "तूही तशी दिसशील," असं मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी म्हणाले. मी लाजायला हवं होतं, पण खरं सांगते, मला ते फार आवडलं.

तर असं सगळं छान होतं, आणि पौषात रांजण बिघडला.

हा रांजण म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात मोठा माणूस. परसात छपराखाली, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. त्यात पाणी, कुटलेली नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं उकडलेलं बी. हे सगळं आंबलं की रांजण 'लागायचा'. लागलेल्या रांजणाच्या तोंडावर तांब्यासारखी चकाकणारी साय धरते, मध्ये निळा फेस, आणि खालचं पाणी पिवळंहिरवं. निळं नाही, बरं का. निळ्या रंगाच्या रांजणात निळं पाणी दिसलं तर समजायचं, घात झाला. त्यात बुडवलेलं कापड धुतलं की पुन्हा पांढरं होतं.

मामंजींचं नाव कोंडाजी. उंच, हाडकुळे, कोपरापर्यंत हात निळे, आणि आवाज असा, की घरात खोकले तर रस्त्यावरचा बैल थांबावा. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी रांजणाचं झाकण उघडून ते त्याची विचारपूस करायचे. "काय पावनं, झोप लागली का?" रांजण लागलेला असला की दिवसभर घरात गाणी. त्या पौषात थंडी पडली मरणाची, आणि एका सकाळी झाकण उघडलं तर पाणी निळंशार. साय नाही, फेस नाही.

आणि वेळ तरी कुठली? संक्रांत तोंडावर. नव्या नवरीची पहिली संक्रांत म्हणजे काळी चंद्रकळा पाहिजे, अंगावर हलव्याचे दागिने पाहिजेत. काळी कसली, निळीत पुन्हा पुन्हा बुडवून काळ्याच्या काठाला पोचलेली. वाकड, रावेत, तळवडे, सगळीकडची पांढरी लुगडी आमच्या ओसरीवर येऊन पडली होती. रंगवून द्यायची, मग ज्याचे त्याने काठ शिवून घ्यायचे. त्यात एक लुगडं माझंही होतं.

मामंजींनी काय करायचं बाकी ठेवलं? गूळ वाढवला, चुना वाढवला. सकाळी उघड, ढवळ. न्याहारी झाली की उघड, ढवळ. कुणी ओळखीचं आलं की त्याला दाखवायला उघड. बांबूचा दांडा घालून असे घुसळायचे, की ताक करताहेत असं वाटावं. रांजण ढिम्म. मग घराघरात कुजबुज सुरू झाली. नवी सून आली आणि रांजण बिघडला. पायगुण, दुसरं काय!

आमच्या सासूबाई, आत्याबाई म्हणायची मी त्यांना, तोंडाने काही बोलल्या नाहीत. पण मामंजींच्या पोटात राहतंय होय? एक दिवस मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले होते, तर समोर येऊन उभे राहिले.

"ह्ये पुस्तक घरात आलं आन् माझा रांजण रुसला. संक्रांतीपातुर सुधारला तर ठीक. न्हाई तर पुस्तकं माळ्यावर, आन् परीक्षा बंद."

"पण मामंजी, तुम्ही शब्द दिलाय."

"शब्द दिला तवा रांजण लागलेला व्हता!"

असा राग आला मला! पायगुण म्हणे. माझे पाय काय चुन्याचे आहेत, का गुळाचे? पण रागाच्या खाली भीती होती, ती मी कुणाला दाखवली नाही. माळ्यावर एकदा गेलेली वस्तू कधी खाली येते का कुठल्या घरात? वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता रडले. भाकरी मात्र सगळ्या फुगल्या.

दुसऱ्या दिवशी मामंजी गूळ घालून, घुसळून बाजारात गेले, तशी मी रांजणातलं थोडं पाणी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतलं. म्हटलं, बघू तरी उजेडात धरून, हा रुसवा दिसतो कसा. काठोकाठ भरली, बूच घट्ट बसवलं, आणि तेवढ्यात आत्याबाईंचा आवाज आला म्हणून चुलीच्या मागच्या कोनाड्यात सारली. नंतर विसरूनही गेले.

सकाळी राख काढताना बाटली दिसली आणि माझा हातच थांबला. बाटलीतलं पाणी पिवळंहिरवं झालं होतं! तिकडे परसात मामंजी रांजणापाशी डोकं धरून बसलेले, त्यातलं पाणी निळंच, आणि इथे त्याच रांजणातलं, त्याच गुळाचं, त्याच चुन्याचं पाणी लागलेलं. पोतेऱ्याची एक पांढरी चिंधी बाटलीत बुडवून बाहेर काढली. पिवळट निघाली. माझ्या डोळ्यांदेखत हिरवी झाली, मग मोरपंखी, आणि मग निळी. चोळून धुतली. निळा रंग ढळला नाही.

अगं बाई! मी तिथेच फतकल मारून बसले.

बाटली आणि रांजण यांत फरक काय? बाटलीला बूच होतं. ती चुलीजवळ उबेत होती. आणि तिला कुणी दर तासाला उघडून "काय पावनं" विचारत नव्हतं. गूळ आणि बी आंबतं, आंबता आंबता हायड्रोजन सोडतं. तो निळीला मिळाला की नीळ पिवळी होते, चुन्याच्या पाण्यात विरघळते आणि धाग्याच्या आत शिरते. हवेत आली की ऑक्सिजन तो हायड्रोजन काढून घेतो, नीळ पुन्हा निळी होते आणि धाग्यातच अडकून बसते. पण झाकण उघडं टाकून घुसळत राहिलं, तर हवेतला ऑक्सिजन भुकेल्या पाहुण्यासारखा आधीच पंगतीला बसतो आणि गुळाने वाढलेलं सगळं एकटाच फस्त करतो. नीळ बिचारी उपाशीच. देणारं कोण? गूळ! घेणारं कोण? नीळ! फळ्यावरच्या बाणाच्या डोक्यावर बसलेला तो 'एच' आमच्या परसात गुळातून येत होता, आणि मी पुण्यात दोन वर्षं डोकं फोडून घेत होते. मला इतकं हसू आलं, की आत्याबाई धावत आल्या. त्यांना वाटलं, सुनेला झालं काहीतरी.

मी बाटली घेऊन तशीच परसात गेले. "मामंजी, रांजण बिघडलेला नाही. झाकण लावा, ऊब द्या, आणि दोन-तीन दिवस हात लावू नका."

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "माझ्या आज्यानं पुरलेला रांजण हाय ह्यो. आन् तू मला खोकल्याच्या बाटलीवरनं शिकिवतीस?"

"बाटलीत लागलं, मग रांजणात का नाही लागणार?"

"अगं, पोर आजारी असल्यावर तोंड झाकून निजायचं व्हय? जित्राब हाय त्ये! बघाया नगं?" आणि पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा घुसळ घुसळ घुसळलं. मी दात-ओठ खात घरात आले.

त्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "आता कंडीच पिकवाया पायजे."

मला काही कळेना. आत्याबाईंनी समजावून सांगितलं. निराळ्यांची पूर्वापार रीत. रांजण काही केल्या लागेना, की गावात एक धादांत खोटी बातमी सोडायची. कुणाच्या मरणाची नाही, कुणाच्या अब्रूची नाही, पण अशी, की ऐकणाऱ्याने जागचं उठलं पाहिजे. ती थाप गावोगाव फिरून, वाढून, खरी म्हणून परक्या तोंडून निराळ्याच्याच कानावर परत आली, की रांजण लागलाच समजायचा.

"पण हे खोटं आहे!" मी म्हटलं.

"मंग? खऱ्याची कंडी पिकती व्हय कवा?" मामंजी म्हणाले.

आणि मग माझ्या सासरची मंडळी खोटं काय बोलावं यावर विचार करायला बसली. लग्नाच्या याद्यासुद्धा इतक्या गंभीरपणे होत नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, दोन तोंडांचं वासरू. मामंजी म्हणाले, ते मागल्या खेपेला झालं. मग आमच्या ह्यांनी, ज्यांना मी शहाणं समजत होते, भाकरीचा तुकडा हवेत फिरवत म्हटलं, "वाकडच्या शिवारात विमान उतरलंय म्हणून सांगा." मामंजींचे डोळे लकाकले. "आन् आतला गोरा साहेब पिठलं मागतोय!"

मी ताट घेऊन उठले.

सकाळी शेजारच्या छबूबाई विरजण मागायला आल्या. गावात एखादी गोष्ट दवंडी पिटून सांगितली तर दोन दिवस लागतील, छबूबाईंना सांगितली तर दुपारपर्यंत पोचते. मामंजी ओसरीवर बसून, जणू काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाले, "वाकडाला ते इमान उतरलं, तिकडं गेल्ता का कोन तुमच्यातलं?" छबूबाई विरजण न घेताच गेल्या.

पुढचं काय सांगू! दुसऱ्या दिवशी अर्धं चिंचवड वाकडच्या रस्त्याला लागलं. टांगे भरले, सायकलींवर तिघं तिघं बसले, कुणी पोरं खांद्यावर घेतली. बातमी सकाळपर्यंत बाळसं धरून आली होती. विमानाचे पंख दोन बैलजोड्या लांब होते. साहेबाला पिठलं आवडलं नव्हतं, पण ठेचा फार आवडला होता. आमच्या दारावरून जाणारा जो तो ओरडून सांगत होता, "कोंडाजीराव, चला की!" मामंजी पहिल्यांदा मिशीत हसले. मग उंबऱ्यात येऊन रस्त्याकडे बघू लागले. मग डोक्याला पटका बांधू लागले.

"कुठं निघालात?" आत्याबाईंनी विचारलं.

"वाकडाला."

"अवो, थाप तुमीच मारलीया न्हवं?"

"मारली की. पर एवढी मानसं पळत्यात म्हंजी कायतरी आसंलच की गं!" आणि माझे सासरे स्वतःच्याच थापेमागे तरातरा चालते झाले.

त्यांची पाठ वळली मात्र, मी परसात धावले. झाकण बसवलं. माती कालवून कडेने लिंपायला घेतली. आतापर्यंत नुसता पायगुणच वाईट होता. आता रांजण लागला नाही, तर तो माझ्या हातांनी गेला असं सगळे म्हणतील, आणि माझ्या पुस्तकांचं नाव घरात कुणी काढणार नाही. मागे सावली पडली. आत्याबाई उभ्या होत्या.

"काय चाललंय?"

मला खोटं बोलता येत नव्हतं. "मामंजींना रांजण उघडता येऊ नये म्हणून लिंपतेय."

त्यांनी पदर खोचला. मला वाटलं, आता बसतो धपाटा. "बाटली दाव पुन्यांदा," म्हणाल्या. बूच लावून पुन्हा उबेत ठेवली होती, ती मी आणून दिली. त्यांनी स्वतःच्या पदराचं टोक त्यात बुडवलं, बाहेर काढून वाऱ्यावर धरलं आणि ते निळं होईपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माती लई पातळ कालवलीस. सर बाजूला."

आम्ही दोघींनी मिळून रांजण लिंपला. आजूबाजूला चुलीतली गरम राख आणि भुसा पसरला, वर गोणपाट टाकलं. हात धुताना आत्याबाई म्हणाल्या, "पर त्ये सांजच्याला येनार. आन् आल्या आल्या उघडनार."

खरंच की. वाकड काय, चार पावलांवर. मला दोन-तीन दिवस हवे होते. मी कपाळाला हात लावून बसले असतानाच दूध घालणारे सोपानराव दारात आले. निघाले होते वाकडलाच, विमान बघायला. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "अहो सोपानराव, वाकडला आता काय उरलंय? विमान रावेतला हललं. मामंजी भेटले तर सांगा त्यांना."

"रावेतला? कधी?"

"पहाटे. वाकडला पाणी मचूळ लागलं म्हणे साहेबाला."

सोपानराव गेले. आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मी त्यांच्याकडे. मग त्या भिंतीला टेकून अशा हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. खोटं न खपणारी मी! पण खरं सांगू का, इतकी मजा मला आयुष्यात आली नव्हती.

मामंजी वाकडला बहिणीकडे मुक्काम करून रावेतला गेले. तिथे कुणी सांगितलं तळवडे, म्हणून तळवड्याला गेले. ते मी सांगितलं नव्हतं हो! थापेला पाय फुटले होते. घरी आले ते तिसऱ्या दिवशी दुपारी, धुळीने माखलेले, पायांना फोड, आणि चेहरा असा उजळलेला, की जणू साहेबाने स्वतः हात मिळवला.

"आली!" दारातूनच ओरडले. "कंडी परत आली! तळवड्याच्या पाराव एक गडी मला म्हनला, म्या हात लावून बघितलं, इमान तव्यावानी गरम व्हतं! आता रांजण लागला म्हनून समजा!"

तसेच परसात गेले. आम्ही सगळे मागोमाग. आमचे हे कारखान्यातल्या पाळीवरून नुकतेच आले होते. लिंपलेलं झाकण पाहून मामंजी थबकले, पण उत्साह इतका होता, की दांड्याने माती फोडून झाकण उचललं.

तांब्यासारखी साय! मध्ये निळ्या फेसाचा गुबगुबीत गोळा. मामंजींनी ओंजळीने फेस बाजूला केला. खाली पिवळंहिरवं, स्वच्छ, काकडीच्या सालीसारखं पाणी. त्यांनी "पावनं!" अशी आरोळी ठोकली आणि फोड आलेल्या पायांनी तिथेच फुगडीसारखी गिरकी घेतली.

मग ते थांबले. "पर ह्ये लिंपलं कुनी?"

आत्याबाई पुढे होऊन काहीतरी सांगायला लागल्या, पण मी आधीच बोलले. "मी लिंपलं. आणि विमान रावेतला मीच पाठवलं."

मी सगळं सांगितलं. गूळ कसा देतो, नीळ कशी घेते, आणि हवेतला पाहुणा मध्येच पंगतीला बसून कसं सगळं खाऊन टाकतो. मामंजी ऐकत होते. मान खाली.

"म्हंजी," ते म्हणाले, "माझ्या बापानं, आज्यानं थापा मारल्या त्या समद्या फुकाट?"

"नाही मामंजी. थाप मारली नसती तर तुम्ही तीन दिवस झाकण बंद राहू दिलं असतं?"

ह्यांना आधी हसू फुटलं. मग आत्याबाईंना. मामंजींनी दोघांकडे रागाने पाहिलं, मिशी फुरफुरली, आणि मग त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा झाला. "आयला! म्हंजी कंडी रांजणासाठी न्हाई, रांजणाला माझ्यापासनं वाचवायसाठी!"

हसता हसता खाली बसले. डोळे पुसले. मग ओसरीवरच्या गठ्ठ्यातून त्यांनी माझं लुगडं स्वतः शोधून काढलं आणि माझ्यापुढे धरलं. त्या घरात रांजण लागल्यावर पहिलं कापड घरचा कर्ता बुडवतो.

"घाल हात," म्हणाले.

मी कोपरापर्यंत हात घातले. पाणी कोमट होतं. लुगडं बाहेर काढलं, आम्ही दोघांनी दोन टोकं धरली, आणि ते आमच्या मध्ये पिवळ्याचं हिरवं, हिरव्याचं निळं होत गेलं. दोन वर्षं जे माझ्या डोक्यात शिरलं नाही ते माझ्या हातांवर चढत होतं, आणि मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. मामंजी लुगड्यापलीकडून म्हणाले, "एप्रिलात कंच्या तारखेला म्हनलीस परीक्षा?"

संक्रांतीला सगळ्या गावांच्या नव्या नवऱ्या चंद्रकळा नेसल्या. एप्रिलमध्ये मी निळ्या नखांनी पेपर लिहिला. रिडक्शन आलं होतं. सुपरवायझरने हातातून कागद ओढून घेतला तरी माझं लिहिणं संपलं नव्हतं.

जूनमध्ये निकाल. हे कारखान्यातून वर्तमानपत्र घेऊन सायकल हाणत आले. माझा नंबर होता! ह्यांनी तो मोठ्याने वाचला, मी वाचला, आत्याबाईंनी अक्षर येत नसूनही त्यावर बोट फिरवलं. मामंजींनी पेपर हिसकावून घेतला आणि अनवाणी बाहेर पळाले. "माझी सून इंटर सायन पास झाली! केमिष्ट्रीत पास झाली!" त्यांचा आवाज पार वेशीपर्यंत गेला असणार.

थोड्या वेळाने परत आले ते तांबडेलाल होऊन. पेपर चुरगळलेला.

"काय झालं?"

"कुनी इस्वासच ठिवंना!" ते ओसरीवर मटकन बसले. "छबूबाई म्हंती, रांजण बिघडला का वं पुन्यांदा? सोपान म्हनतो, मागल्या बारीला इमान, आता सून. समदा पार हसतोय मला. एवढ्या थापा पचल्या गावाला, आन् जल्मात एक खरी गोष्ट छाती ठोकून सांगाया गेलो तर..." डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. माझ्या पास होण्यासाठी तो माणूस लहान पोरासारखा रडत होता. मी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि एकदम उठले. "चल."

"कुठे?"

"गावात. तूच सांग तुझ्या तोंडानं. तू खोटं बोलत न्हाईस ह्ये समद्यांस्नी म्हाईत हाय. रावेतचं कुनाला ठावं न्हाई."

मी पदर डोक्यावर घेतला आणि सवयीप्रमाणे त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. आमच्याकडे सून सासऱ्याच्या चार पावलं मागून चालते. मामंजी दारातच उभे. हलेनात. मग बाजूला सरकले आणि पेपर माझ्या हातात दिला.

"तू म्होरं हो," म्हणाले. "म्या मागनं येतो."

मी उंबरा ओलांडला आणि पाराच्या दिशेने चालू लागले.